बर्फ नसलेल्या गावातून आइस हॉकी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात व्यावसायिक आइस हॉकीपटूच्या कारकिर्दीवर छोटं टिपण आलं होतं. त्यावर सगळ्यांत जास्त पत्रं सोलापुरातून आली. उन्हाळ्यात पारा 43 च्या वर चढणाऱ्या गावाला बर्फाचं हे वेड कुठून लागलं, असं वाटलं खरं. प्रश्न मात्र नेमके होते. काहींनी नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही.

मी दहावीत आहे. सहा वर्षं इनलाइन स्केटिंग करतोय, स्पीडमध्ये राज्य पातळीपर्यंत खेळलोय. एनएचएलमध्ये जायचं असेल तर आता काय करू?
(विद्यार्थी, जुळे सोलापूर)

आधी कडू भाग. एनएचएल ही अमेरिका आणि कॅनडातल्या 32 संघांची लीग. तिच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) मुलं साधारण 18 व्या वर्षी येतात, सात फेऱ्यांत वर्षाला 224 नावं घेतली जातात. त्या यादीतला बहुतेक मुलगा चार-पाच वर्षांचा असतानाच बर्फावर उतरलेला असतो. 13-14 व्या वर्षापासून तो अंगावर धडक घ्यायला आणि द्यायला शिकतो. 16 व्या वर्षी घर सोडून कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये जातो, अनोळखी कुटुंबाकडे राहतो, शाळा सांभाळून हंगामात साठाहून जास्त सामने खेळतो. ड्राफ्टमध्ये नाव न येताही मोठे झालेले खेळाडू आहेत (मार्टिन सेंट लुईस हे ठळक उदाहरण), पण बर्फावरचे तास त्यांनीही तेवढेच घातलेले होते. तुझ्याकडे वेग आहे, ते तास नाहीत. 15 व्या वर्षी शून्यातून सुरू करून एनएचएल गाठता येत नाही. तुला हे आत्ताच सांगितलेलं बरं, नाहीतर घरचे लाखो रुपये परदेशी शिबिरांत जातील.

मात्र भारतासाठी खेळणं तुझ्या आवाक्याबाहेरचं नाही. तिकडे जाणारी वाट इनलाइन हॉकीवरून जाते. भारतात हा खेळ रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडियाच्या छत्राखाली येतो. क्लबमध्ये चौकशी करताना एक गोष्ट नीट विचारून घे. चार चाकी क्वाड स्केटवर, आखूड काठी आणि चेंडूने खेळतात ती रोलर हॉकी वेगळी. तुला एका रांगेतली चाकं, लांब काठी आणि पक (चेंडूऐवजी चपटी चकती) असलेली इनलाइन हॉकी हवी.

स्पीडवाल्यांचे तीन दोष हॉकीत लगेच उघडे पडतात. पहिला, ते कायम डाव्या हाताकडे वळतात, कारण शर्यत घड्याळाच्या उलट दिशेने असते. उजवीकडचा क्रॉसओव्हर (पायावरून पाय टाकत वळणं) कच्चा राहतो. म्हणून पुढचे सहा महिने डावीकडच्या एका फेरीमागे उजवीकडच्या दोन घाल. दुसरा, त्यांना उलटं स्केटिंग येत नाही, आणि त्याशिवाय बचावात उभंच राहता येत नाही. तिसरा, ते मान खाली घालून पळतात. हॉकीत मान खाली गेली की धडक बसलीच म्हणून समज.

सामानाचं बोलू. स्पीडचे 100-110 मिलिमीटरचे स्केट चालणार नाहीत. उंच बुटाचे, 72 ते 80 मिलिमीटर चाकांचे हॉकी स्केट लागतील. चाकाचा कडकपणा ‘ए’ आकड्यात लिहितात. 74-76ए ची मऊ चाकं बंद हॉलच्या गुळगुळीत फरशीसाठी असतात. आपल्याकडच्या सिमेंटवर, त्यात उन्हाने तापलेल्या, ती महिन्याभरात झिजून जातात. 82 ते 85ए घे. चाकांची आतली कड आधी झिजते, म्हणून दर दोन आठवड्यांनी पहिलं-तिसरं आणि दुसरं-चौथं चाक अदलाबदल कर, लावताना प्रत्येक चाक उलटं फिरवून लाव. बेअरिंग पाण्याने धुऊ नकोस. धूळ निघते, पण गंज चढतो.

काठी अनवाणी उभं राहिल्यावर नाकाच्या शेंड्यापर्यंत, स्केट घातल्यावर हनुवटीपर्यंत आली पाहिजे. काठीवर फ्लेक्सचा (ती किती ताठ आहे, त्याचा) आकडा छापलेला असतो. तो आपल्या वजनाच्या, पण पौंडातल्या, साधारण निम्मा ठेवतात. 55 किलो म्हणजे 121 पौंड, तर 60 च्या आसपास. लांबी कमी करायला वरून काठी कापली की ती ताठ होते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चार इंच कापल्यावर 60 ची काठी 60 राहत नाही, आणि मनगटाचा फटका मेल्यासारखा निघतो.

पक हाताळायला घरातली गुळगुळीत शहाबादी फरशी उत्तम. लाकडी किंवा गोल्फचा चेंडू घे, नजर समोरच्या भिंतीवर ठेव आणि रोज 15 मिनिटं कर. काठीच्या पात्याला कापडी टेप गुंडाळ, नाहीतर फरशी पातं झिजवते.

बर्फाचं म्हणशील तर लडाखात नैसर्गिक बर्फाचा हंगाम साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. डेहराडूनची हिमाद्री रिंक 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली, मग ती वर्षानुवर्षं बंद राहिली आणि 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. पहिल्यांदा बर्फावर जाशील तेव्हा थांबण्यात फसशील. चाकं जमीन धरून ठेवतात. बर्फावर मात्र दोन्ही पाय आडवे करून स्केटच्या पात्याच्या कडेने बर्फ किसत थांबायचं असतं. पहिले तीन दिवस फक्त हेच कर, दोन्ही बाजूंनी.

आणखी एक. भारतातल्या बऱ्याच चांगल्या हॉकीपटूंचं पोट भरतं ते लष्कराच्या किंवा आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलीस) नोकरीवर. आपल्याकडे ‘व्यावसायिक’ या शब्दाचा अर्थ सध्या तेवढाच आहे.

बातम्यांत करोडो डॉलरचे करार दिसतात. साध्या खेळाडूच्या हातात खरोखर किती पडतं?
(वाचक, नवी पेठ)

2025-26 च्या हंगामात एनएचएलचा किमान पगार 7,75,000 डॉलर होता, म्हणजे साधारण सात कोटी रुपये. पण हा आकडा वर्षभर एनएचएलमध्येच राहिलेल्या खेळाडूचा. नवख्याचा करार बहुधा ‘टू-वे’ असतो, म्हणजे वरच्या लीगमध्ये असताना एक दर आणि खालच्या एएचएलमध्ये असताना दुसरा. पगार हंगामातल्या दिवसांवर मोजतात.

हिशेब मांडून बघा. हंगाम सुमारे 190 दिवसांचा धरा आणि समजा खालचा दर 85,000 डॉलर आहे. वरचा एक दिवस सुमारे 4,080 डॉलरचा, खालचा 447 चा. खेळाडू 20 दिवस वर राहिला तर त्या वीस दिवसांचे साडेएक्याऐंशी हजार, आणि उरलेल्या 170 दिवसांचे शहात्तर हजार. वीस दिवस एकशे सत्तर दिवसांना भारी पडतात! म्हणूनच पूर्वी सामना नसलेल्या दिवशी संघ अशा पोराला कागदोपत्री खाली पाठवायचा आणि दुसऱ्या दिवशी परत बोलवायचा. मालकाची बचत व्हायची, पोराची बॅग गाडीतच राहायची.

यातून कर जातो. अमेरिकेत केंद्राचा वरचा दर 37 टक्के, शिवाय राज्याचा वेगळा. फ्लोरिडा आणि टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, म्हणून तिथल्या संघांचा तोच पगार हातात जास्त पडतो. एजंटाचे 3 ते 5 टक्के जातात. आणखी एक कपात म्हणजे एस्क्रो. लीगच्या हॉकीतल्या उत्पन्नाचे निम्मे मालकांना आणि निम्मे खेळाडूंना असा ठराव आहे. म्हणून प्रत्येक पगारातून काही टक्के बाजूला ठेवतात आणि वर्षअखेर हिशेब झाल्यावर खेळाडूंकडे जास्त गेलं असेल तर ते मालकांना परत जातं. यंत्रमागाच्या मजुरीतून उचल वळती होते तसंच, फक्त इथे उचल घेतलेलीच नसते.

एक बाजू मात्र भक्कम आहे. करार सहजासहजी मोडता येत नाही. 26 किंवा त्याहून मोठ्या खेळाडूला काढायचं ठरवलं तरी उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश द्यावे लागतात, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट वर्षांत विभागून.

माझी मुलगी 11 वर्षांची आहे. मुलींना यात काही आहे का?
(पालक, विजापूर रोड)

आहे, आणि वय योग्य आहे. भारताच्या महिला संघाने 2025 मध्ये संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं. त्या संघाचा कणा लडाखच्या मुलींचा आहे. उत्तर अमेरिकेत पीडब्ल्यूएचएल ही महिलांची व्यावसायिक लीग जानेवारी 2024 मध्ये सहा संघांनिशी सुरू झाली, 2025-26 च्या हंगामात आठ झाले. सुरुवातीचा किमान पगार वर्षाला 35,000 डॉलर ठरला. तिथल्या राहणीमानात तो जेमतेमच. तिला आत्ता हॉकीच्या आधी स्केटिंग आणि पोहणं किंवा जिम्नॅस्टिक असं काहीतरी करू द्या. एकाच खेळाला एवढ्या लवकर जुंपू नका. बूट ‘वाढत्या मापाचा’ घेऊ नका. टाच आत हलली की घोटा वाकडा पडायची सवय लागते, आणि ती पुढे मोडत नाही.

मी टूल ग्राइंडिंगचं काम करतो. स्केटच्या पात्याला धार लावणारी माणसं संघाकडे पगारी असतात म्हणे. काम नेमकं काय असतं?
(वाचक, अक्कलकोट रोड एमआयडीसी)

हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत आवडला. संघाचा इक्विपमेंट मॅनेजर आणि त्याचे मदतनीस हे काम करतात, आणि सामन्याच्या दिवशी वीसेक जोड्या त्यांच्या हातून जातात.

स्केटच्या पात्याची धार सुरीसारखी नसते. पातं सुमारे तीन मिलिमीटर जाड असतं आणि त्याच्या तळाला लांबीभर पन्हळ काढतात. त्यामुळे दोन कडा तयार होतात, आतली आणि बाहेरची. पन्हळीची त्रिज्या इंचात सांगतात. अर्धा इंच ही सर्वसाधारण. 3/8 केली तर पन्हळ खोल होते, कड बर्फ घट्ट धरते, पण घसरण मंदावते आणि पाय लवकर दमतात. 5/8 ला उलट. वजनदार खेळाडू स्वतःच्या भाराने कड रुतवतो, म्हणून त्याला उथळ चालते.

ग्राइंडिंगच्या चाकाच्या कडेला एकटोकी डायमंड ड्रेसरने हवी ती गोलाई द्यायची, पातं होल्डरमध्ये आडवं धरायचं आणि टाचेपासून चवड्यापर्यंत एका वेगाने ओढायचं. दाब हलका, फेऱ्या जास्त. दाब वाढला की पोलाद निळं पडतं. निळं पडणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. शेवटी हाताच्या दगडाने बर (कडेला उरलेला धातूचा कीस) काढायची.

चुका दोन होतात. पातं चाकाच्या मध्यावर नसेल तर एक कड उंच राहते आणि वळताना खेळाडूचा पाय एकाच बाजूला सुटतो. तपासायला पात्यावर एक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि ती पात्याशी काटकोनात बसते का ते गुण्याने बघा. दुसरी चूक टोकांना जास्त घासण्याची. पातं लांबीतही कमानदार असतं, त्या कमानीची त्रिज्या बहुधा 9 ते 11 फूट. टोकं खाल्ली गेली की कमान बदलते आणि खेळाडू ‘आज पाय माझे नाहीत’ म्हणतो. अलीकडच्या बुटांत पातं खटका दाबून सुटतं, म्हणून सामन्यात कड तुटली तर काही सेकंदांत दुसरं बसवता येतं.

सोलापुरात यावर धंदा होणार नाही, आणि परदेशी संघ सरळ भारतातून माणूस बोलावणार नाही. पण तुमचा हात ज्या कामात बसलाय त्यातला निम्मा भाग हाच आहे. हिवाळ्यात लडाखच्या स्पर्धांना चांगला धार लावणारा हवाच असतो. जाण्याआधी जुन्या पात्यांवर पन्नास जोड्यांचा हात साफ करा.

खेळाडू पाऊण मिनिटात बाहेर का येतात?
(वाचक, सात रस्ता)

कारण ती पूर्ण ताकदीची धाव असते. 40-50 सेकंदांनंतर पायांचा वेग पडतो आणि चुका सुरू होतात. बदली खेळ चालू असतानाच होते, आणि एक जण जास्त बर्फावर सापडला तर दोन मिनिटांची शिक्षा. दुसऱ्या सत्रात बाजू बदलतात, त्यामुळे बचाव करताना आपला बाक लांब जातो. दमलेले पाच जण तिथे अडकतात, म्हणून त्या सत्रावर नजर ठेवा.

दुखापतीने कारकीर्द लवकर संपते का?
(वाचक, होटगी रोड)

पुष्कळदा. पक म्हणजे 156 ते 170 ग्रॅमचं टणक रबर, तेही गोठवून घट्ट केलेलं. भारतीय वंशाचे मॅनी मल्होत्रा एनएचएलमध्ये 991 सामने खेळले, पण मार्च 2011 मध्ये पक डाव्या डोळ्यावर बसला आणि नजर कायमची अधू झाली. 2013-14 पासून नव्या खेळाडूंना डोळ्यांवरची काच सक्तीची झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये इंग्लंडमधल्या सामन्यात ॲडम जॉन्सन यांच्या गळ्याला स्केटचं पातं लागून मृत्यू झाला, त्यानंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांत गळ्याचं संरक्षक कवच बंधनकारक झालं. रोज मागे लागणारं दुखणं मात्र जांघेचं. त्यासाठी आठवड्यातून दोनदा मांडीच्या आतल्या स्नायूंचे व्यायाम करावेत. आपल्या इनलाइनवाल्यांनीही करावेत.

सामने आपल्याकडे किती वाजता दिसतात?
(वाचक, अशोक चौक)

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला, आणि त्यांची घड्याळं पुढे असताना साडेचारला. पश्चिम किनाऱ्यावरचा सातचा सामना सकाळी साडेआठला किंवा साडेसातला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास पुढे जातात, तेव्हा गजर तासभर अलीकडे आणा.