कॅराव्हॅनच्या ऑनिंगसोबत (म्हणजे तिच्या बाजूला जोडायच्या कापडी मांडवासोबत) आलेल्या खुंट्या पुरतात का? वेल्सला जातोय, कोणत्या घेऊ?

नाही पुरत. त्या बारीक तारेच्या खुंट्या पिशवीतच राहू द्या. घरामागच्या हिरवळीवर ऑनिंग उभारून फोटो काढायचा असेल तर ठीक आहेत.

वेल्स म्हणालात म्हणून लिहायला बसलो. पेंब्रोकशायरच्या किनाऱ्यावर आमची आणि साडूंची कॅराव्हॅन शेजारी शेजारी उभी होती. साडू सिव्हिल इंजिनिअर. हे ते पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. मी खुंट्या तिरप्या ठोकत होतो, डोकं ऑनिंगपासून लांब झुकलेलं, म्हणजे दोरीचा ताण खुंटीला काटकोनात बसतो. ते हसले. "अहो, तिरका पाया कधी बघितलाय का?" आणि स्वतःच्या सगळ्या खुंट्या उभ्या ठोकल्या, त्याही पिशवीतल्याच. "कंपनी मूर्ख आहे का फुकट द्यायला?" हा दुसरा मुद्दा.

आता सांगा, घर जमिनीला खाली दाबतं. ऑनिंगमध्ये वारा शिरला की ते वर उठू पाहतं. त्याचा पायाशी काय संबंध? उभी खुंटी दोरीच्या बाजूला कलत जाते आणि शेवटी दोरीच्याच दिशेने सरळ बाहेर येते.

रात्री समुद्रावरून नैऋत्येचा वारा सुटला. तिथे गवताखाली वीतभरातच दगड लागतो, त्यामुळे त्यांच्या निम्म्या खुंट्या आधीच वाकून अर्ध्यावर अडकल्या होत्या. पहाटे ऑनिंगची एक बाजू त्यांच्याच कॅराव्हॅनच्या छपरावर, एक खांब वाकलेला. आमचं जागच्या जागी. तरी दरवर्षी दिवाळीच्या फराळाला साडू सांगतात, "त्या रात्री वादळच तसं होतं." म्हणजे आमचं ऑनिंग वगळून गेलेलं वादळ. मी तोंड उघडणार तोच बायको टेबलाखालून पाय दाबते. इथे ती सोय नाही.

तर खुंट्या. वेल्समध्ये बऱ्याच ठिकाणी कॅराव्हॅन उभी करायला गवताऐवजी खडीची पक्की जागा, म्हणजे हार्डस्टँडिंग पिच मिळते, तिला जाड पोलादी खिळ्यासारखे रॉक पेग घ्या, साधारण 20 सेंटीमीटरचे. ठोकायला लोखंडी हातोडी. रबरी नुसती उसळते. वाळूत किंवा पावसाने भिजलेल्या मऊ जमिनीत बारीक काहीच टिकत नाही, तिथे लांब आणि रुंद खुंटी हवी. प्लास्टिकच्या तिथेच वापरा, खडीत त्यांची डोकी फुटतात. एकाच जातीच्या पन्नास घेण्यापेक्षा दोन-तीन जातींच्या थोड्या थोड्या घ्या. वाऱ्यात ऑनिंग धरून ठेवायला वरून टाकायच्या पट्ट्याला, म्हणजे स्टॉर्म स्ट्रॅपला, सगळ्यात दणकट दोन राखून ठेवा.

हे आधी सांगायला हवं होतं: ठोकण्यापूर्वी विजेची केबल आणि पाण्याचा पाइप कुठून गेलाय ते कॅम्पसाइटच्या वॉर्डनला विचारा. आणि ताशी 60 किलोमीटरच्या वर वाऱ्याचा अंदाज असेल तर खुंट्या कितीही भारी असोत, ऑनिंग उतरवून ठेवा. मीही उतरवतो.

ड्रिलने फिरवायचे स्क्रू पेगही मिळतात, महाग आहेत पण खडीत उत्तम. ते उभेच घालायचे असतात, हे मान्य. साडूंनी आता तेच घेतलेत आणि बघा मी म्हणत होतो म्हणतात. पेंब्रोकशायरला त्यांच्याकडे स्क्रू नव्हते, तारा होत्या.