उ: जनरेटरवर सगळं ठीक चाललं, लाईट आल्यावर टीव्ही-राउटर जळाले

तुमच्या पोस्टमधलं महत्त्वाचं तेवढं घेतो. होमस्टेला थ्री फेज कनेक्शन, जनरेटर ७.५ केव्हीएचा सिंगल फेज. रात्रभर जनरेटरवर काही तक्रार नाही. पहाटे लाईट आली, चेंजओव्हर (लाईन-जनरेटर बदलायचा स्विच) फिरवला आणि दोन मिनिटांत टीव्ही, राउटर आणि वॉशिंग मशीनचं बोर्ड गेलं. डीबीजवळ (वीज वाटणाऱ्या पेटीजवळ) जळकट वास. जनरेटरवाला म्हणतो लाईनचा दोष, वीज कार्यालय म्हणतं जनरेटरचा. हे दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. वर दोघांनी स्पाइक गार्ड सुचवलाय, पण त्याचा इथे काही उपयोग नाही. तुमचं न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तपासा.

सिंगल फेज जनरेटर थ्री फेज घराला जोडताना वायरमन बहुतेक वेळा चेंजओव्हरच्या जनरेटर बाजूला आर, वाय, बी या तिन्ही फेजची टर्मिनल लूप करतात, म्हणजे एकमेकांना जोडून टाकतात. सगळं घर चालतं, मालक खूश. पण लाईनवर तीन फेजचे करंट एकमेकांशी १२० अंशांनी सरकलेले असतात, त्यामुळे प्रत्येक फेजवर १० अँपिअर असले तरी न्यूट्रलमध्ये ते बरेचसे कटतात. जनरेटरवर तिन्ही वायरींत एकच फेज असते, म्हणून कटत काहीच नाही, सगळी बेरीज होते. ७.५ केव्हीए म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ३२ अँपिअर, आणि ते सगळे एकट्या न्यूट्रलमधून परत जातात. ती वायर बहुतेक ४ चौरस मिमीची असते, आणि न्यूट्रल बारचा (सगळ्या न्यूट्रल वायरी जिथे जोडतात त्या पट्टीचा) स्क्रू वर्षानुवर्षं कोणी आवळलेला नसतो. तिथे रात्रभर तापून जोड सैल होतो.

खोच अशी की जोड जनरेटरवर पूर्ण तुटला तरी उपकरणं फक्त बंद पडतात, कारण तिन्ही फेज एकच आणि त्यांच्यात फरक शून्य. नुकसान लाईट आल्यावर होतं. आता दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट आहेत आणि न्यूट्रल नाही, मग दोन फेजवरची उपकरणं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ज्याचा लोड कमी त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येतं. आर फेजवर १००० वॉटची इस्त्री आणि वाय फेजवर १०० वॉटचा टीव्ही, एवढाच लोड धरला तर टीव्हीवर साधारण ३६० व्होल्ट पडतात. त्याचं शिखर ५०० व्होल्टच्या वर जातं आणि टीव्हीच्या पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर ४०० किंवा ४५० व्होल्टचा असतो. इस्त्रीला काही होत नाही, ती नुसती गार पडते. म्हणूनच तुमचा गीझर वाचला आणि राउटर गेला.

स्पाइक गार्डमधला एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषणारा भाग) मिलिसेकंदाच्या आतल्या झटक्यांसाठी असतो. व्होल्टेज मिनिटभर चढलेलं राहिलं तर तो स्वतःच जळतो, कधी प्लास्टिकसकट.

कार्यालयाबद्दल थोडं, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ अशाच एका कार्यालयाने खाल्लाय. नाव घेत नाही. "मीटरपर्यंत आमचं, पुढचं तुमचं" हे नियम म्हणून ठीक आहे, पण मीटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजून लिहून द्यायला काय जातं? त्यातच निम्मा वाद मिटतो. उलट जनरेटर दिसला की फाइल बंद. म्हणून वायरमनकडून मीटरच्या बाहेर जाणाऱ्या वायरींवर आणि डीबीवर, दोन्हीकडे रीडिंग घ्या, फोटो काढा आणि लेखी अर्जाला जोडा, पोच घ्या. तोंडी काही बोलू नका.

तपासणी अशी. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, मी समोर नाही आणि तुमचं वायरिंग पाहिलेलं नाही. सगळी इलेक्ट्रॉनिक उपकरणं प्लगमधून काढा. लाईनवर प्रत्येक फेज ते न्यूट्रल मोजा. मग फक्त आर फेजवरचा गीझर लावा आणि पुन्हा तिन्ही मोजा. आर चार-पाच व्होल्ट उतरणं चालेल. पण आर १५-२० व्होल्ट उतरला आणि वाय, बी साधारण त्याच्या निम्म्याने चढले, तर न्यूट्रल सैल आहे. नंतर मेन बंद करून बारचे स्क्रू पाहा. तांबं तपकिरी झालंय, इन्सुलेशन कडक झालंय, तर तो तुकडा कापून नवीन टोक घ्या. नुसतं आवळून भागवू नका.

दुरुस्तीत माझं मत ठाम आहे: तिन्ही फेज लूप करणं बंद करा. दिवे, पंखे, फ्रिज, राउटर, टीव्ही हे वेगळ्या छोट्या डीबीवर, एकाच फेजवर घ्या आणि तेवढ्यालाच टू पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा) चेंजओव्हर द्या. गीझर, एसी जनरेटरवर नकोतच. लूपच ठेवायचं असेल तर जनरेटरपासून बारपर्यंत न्यूट्रल १० चौरस मिमी तांब्याचं, आणि चेंजओव्हर फोर पोल, म्हणजे तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकत्र बदलणारा. न्यूट्रलला वेगळा एमसीबी लावून हाताने बदलाबदल करणारी जुगाडं पाहिली आहेत. त्यात एकदा न्यूट्रल आधी पडलं की पुन्हा हीच कथा. चांगल्या फोर पोल स्विचमध्ये न्यूट्रल आधी जुळतं आणि शेवटी सुटतं.

सोबत प्रत्येक फेजला डिन रेलवर बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. वर २६५, खाली १८०, परत जोडायला १८० सेकंद, म्हणजे फ्रिजचा कॉम्प्रेसरही वाचतो. त्याची न्यूट्रल वायर उपकरणांची न्यूट्रल जिथून निघते त्याच बारवरून घ्या. मीटरकडून येणाऱ्या वायरवरून घेतली तर बार सुटल्यावरही त्याला २३०च दिसतील आणि तो शांत बसेल.

आता जनरेटरच्या विजेबद्दल, थोडक्यात. एव्हीआर (जनरेटरचा व्होल्टेज नियंत्रक) व्होल्टेज धरतो, फ्रिक्वेन्सी नाही. ती इंजिनच्या वेगावर आहे. रिकाम्या लोडला ५२ हर्ट्झ, पूर्ण लोडला ५०च्या जवळ, असं गव्हर्नर (इंजिनाचा वेग धरणारा भाग) लावलेलं असावं. यूपीएस सतत टिक-टिक करून बॅटरीवर जात असेल तर बहुतेक हेच, किंवा त्याची संवेदनशीलता जास्त ठेवलेली आहे. घरगुती इन्व्हर्टर वीज शुद्ध करतो हा गैरसमज आहे. लाईन किंवा जनरेटर चालू असताना तो रिलेतून तीच वीज पुढे ढकलतो. राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस द्या. स्वस्तात वाचतो.

सुरू करताना दोन-तीन मिनिटं रिकामं फिरवा, व्होल्टेज पाहा, मग आधी फ्रिज, शेवटी टीव्ही. बंद करताना उलट. लोडवर डिझेल संपू देऊ नका, इंजिन धडपडताना व्होल्टेज वरखाली उड्या मारतं. मोजायला ट्रू आरएमएस मल्टिमीटर घ्या. साधे मीटर वाकड्या वेव्हवर चुकीचं दाखवतात.

आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर जनरेटरचं न्यूट्रल बॉडीला आणि अर्थिंगला जोडलेलं आहे की तरंगतं, हे मॅन्युअलमध्ये पाहा. तरंगतं असेल तर जनरेटरवर गळती झाली तरी तो पडणार नाही. टेस्ट बटण दाबून पडतो म्हणून खात्री धरू नका, ते बटण अर्थिंग तपासत नाही. न्यूट्रल बारचा फोटो टाकलात तर पुढचं बोलू.