सेऊलला जायचं, पण जुन्या गोव्यावरून

प्रश्न : बाई, माझी मुलगी २० वर्षांची आहे, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या इगर्जीच्या (चर्चच्या) युवक गटातली पाच-सहा मुलं २०२७ मध्ये दक्षिण कोरियात, सेऊलला, जागतिक युवा दिनासाठी, म्हणजे पोपमहाशयांसोबत होणाऱ्या जगभरच्या कॅथलिक तरुणांच्या मेळाव्यासाठी, जायचं म्हणतात. हिलाही जायचंय. आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे, मिस्टरांच्या नोकरीमुळे म्हापशात आलो. मिस्टर म्हणतात, 'देव काय सेऊलला राहतो? यात्रा करायची तर जुन्या गोव्याला चालत जा. विमानाने जातात ती सहल.' खर्चही झेपण्यातला नाही. मला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायला जीव होत नाही. काय करू?
— एक आई, म्हापसा

उत्तर : ताई, तुमच्या मिस्टरांचं अर्धं म्हणणं मला पटलं. जुन्या गोव्याला चालत जा, हे. उरलेलं अर्धं मात्र मला मान्य नाही, आणि ते का, हे त्यांनाही वाचून दाखवा.

जानेवारी १९९५ मध्ये मी २९ वर्षांची होते, शाळेत मराठी शिकवत होते. मनिलाच्या युवा दिनाला आम्ही अकरा जण गेलो. १४ तारखेची रात्र लुनेताच्या मैदानावर काढली. अंगाखाली वर्तमानपत्र, उशाला पिशवी. शेजारी एक फिलिपिनो बाई दोन मुलींना घेऊन बसली होती. तिने केळीच्या पानात बांधलेला भात माझ्यापुढे केला. पान उलगडताना जो वास आला तो आमच्याच स्वयंपाकघरातला. मग तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू झाला. ती 'आबा गिनोओंग मारिया' म्हणायची, मी 'नमान मोरिये'. शब्द कुठेच जुळत नव्हते, 'आमेन' तेवढं एकदम पडायचं. पाचवा दशक संपेपर्यंत तिची धाकटी माझ्या मांडीवर झोपली होती.

सकाळी गर्दी एवढी वाढली की पोप दुसरे जॉन पॉल यांची गाडी पुढे सरकेना, त्यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. चाळीस लाखांवर माणसं होती असं नंतर छापून आलं. आकडा मला तेव्हा कुठे कळला होता! मला आठवतो तो पायांचा ठणका, आणि संडासाची दोन तासांची रांग. त्या रांगेत कोणी कोणाला ढकललं नाही. एक म्हातारी आली तेव्हा सगळ्यांनी न सांगता तिला पुढे जाऊ दिलं. सहलीला आलेलं माणूस अशा जागी तासभरही टिकत नाही, ताई.

कार्यक्रमाची आखणी अजूनही जवळजवळ तशीच असते. सकाळी धर्मशिक्षण, कुमसार (पाद्रींपुढे पापांची कबुली), मीस (चर्चमधली मुख्य उपासना). शनिवारी सामान पाठीवर घेऊन मैदानापर्यंत चालत जायचं, रात्रभर जागरण आणि प्रार्थना, रविवारी पोपमहाशयांची मीस. राहायला शाळांचे वर्ग, इगर्जीची सभागृहं, नाहीतर कोणाचं तरी घर. २०२३ मध्ये लिस्बनला कुमसारासाठी १५० लाकडी आसनं तुरुंगातल्या कैद्यांनी बनवली होती. जगभरची पोरं त्यांवर गुडघे टेकून आपली पापं सांगत होती. ते वाचलं तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवून थोडा वेळ गप्प बसले.

आता 'देव काय सेऊलला राहतो?' जुन्या गोव्यात ज्यांचं शव जपून ठेवलंय, मिस्टर ज्यांच्या पायाशी जायला सांगतात, त्यांचंच पाहू. संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ ला गोव्यात उतरले आणि त्याच वर्षी दक्षिणेला, मोती काढणाऱ्या कोळ्यांच्या किनाऱ्यावर निघून गेले. पुढे मलाक्का, मोलुक्का बेटं, १५४९ मध्ये जपान. ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या उंबऱ्यावर, एका बेटावर त्यांनी प्राण सोडला. वय ४६. ज्यांना आपण 'गोंयचो सायब' म्हणतो, ते गोव्यात थोडाच काळ राहिले. आपल्या बाणावलीचे संत जुझे वाझ यांचंही तेच. १६८७ मध्ये ते मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरले, कारण डचांच्या राज्यात कॅथलिक पाद्रीला थारा नव्हता. त्यांच्याही घरी कोणीतरी 'देव काय तिकडे राहतो?' म्हटलं असेलच.

आणि कोरियाची गोष्ट तर मुलीने निघण्याआधी शिकून घ्यावी अशी आहे. तिथे श्रद्धा पाद्रींनी नेली नाही, पुस्तकांतून पोचली. काही विद्वान चीनमधून आलेले ग्रंथ वाचत बसायचे. त्यांच्यातला यी सुंग-हुन १७८४ मध्ये बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेऊन आला आणि परत येऊन त्याने इतरांना दिला. पुढे छळ झाला. आंद्रे किम ते-गॉन हा पोरगा वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी शिकायला मकावला, पोर्तुगिजांच्या शहरात गेला. १८४५ मध्ये पहिला कोरियन पाद्री झाला आणि पुढच्याच वर्षी, पंचविसाव्या वर्षी, त्याचं शिर उडवलं. त्याच्या वडिलांनाही श्रद्धेसाठीच मारलं होतं. १९८४ मध्ये सेऊलमध्येच पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला आणि आणखी १०२ जणांना संतपद दिलं. तुमच्या मुलीपेक्षा पाच वर्षांनी मोठा मुलगा, ताई. अशा मातीत मुलं जाणार आहेत.

पैशांबद्दल. खोटा धीर मी देणार नाही, विमानाचं भाडं मोठंच आहे. कर्ज काढू नका, दागिना मोडू नका. आमच्या वेळी गटाने वर्षभर रविवारच्या मिशीनंतर दोदोल आणि नेवऱ्या विकल्या, एक तियात्र (कोंकणी नाटक) केला, हाउजी (तंबोला) घेतली. सगळे पैसे एका वहीत, सगळ्यांसाठी सारखे. ज्याच्याकडे जास्त होते त्याचं नाव वर नव्हतं. तुमच्या मुलीने हे काम अंगावर घेतलं तर ती खरोखर जाऊ पाहते आहे असं समजा. नुसता फॉर्म भरून घरात रुसून बसली, तर थांबा म्हणा.

आणि जायचं ते धर्मप्रांताच्या गटातूनच. आम्ही तेव्हा एका एजंटाच्या भरवशावर राहिलो. त्याने तिकिटं निघण्याच्या आदल्या दिवशी हातात दिली. तोवर माझे बाबा आठवडाभर नीट जेवले नव्हते. गटासोबत पाद्रीबाब असतात, ओळखीच्या घरची मुलं असतात, व्हिसासाठी व्हिगाराचं (इगर्जीच्या मुख्य पाद्रींचं) पत्र असतं. आईच्या जिवाला तेवढं पुरतं.

तारीख ३ ते ८ ऑगस्ट २०२७. सेऊलचा तो महिना उकाड्याचा आणि पावसाचा. आपल्या पोरांना पावसाचं काय मोठं! बूट मात्र आधीपासून वापरलेले हवेत.

म्हणून आधी जुनं गोवं. झेवियर यांच्या सणाआधीची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, २४ नोव्हेंबरला सुरू होते. त्या दिवसांत सिंधुदुर्गातून, बेळगावातून माणसं चालत येतात, तुमच्या माहेरचीही भेटतील. म्हापशाहून अंतर वीस-बावीस किलोमीटर. पहाटे तीनला निघा, तिघंही. पर्वरीपर्यंत पाय बोलणार नाहीत. मांडवी ओलांडलीत की रायबंदरच्या जुन्या पुलावर वारा असतो, तिथे थोडं बसा. मिस्टर आणि मुलगी यांना पुढे चालू द्या, तुम्ही दहा पावलं मागे राहा. बाँ जेझूच्या चर्चपर्यंत त्यांचं जे बोलणं होईल ते त्या दोघांचं.

पासपोर्टचं काम मात्र या आठवड्यातच काढा. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर, शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर तिच्या नावाचं स्पेलिंग एकच आहे का, आजच तिन्ही कागद शेजारी ठेवून बघा. आपल्याकडे ते सहसा नसतं.