नवा अल्बम काढला, पण टाळ्या जुन्यालाच

मागच्या अंकात ग्रीन डे या अमेरिकन पंक रॉक बँडबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आणि मेल आले की या वेळी सगळा कॉलम त्यांनाच देऊन टाकला. लावणीच्या संग्रहाबद्दल विचारणाऱ्यांनी रागावू नका, पुढच्या वेळी नक्की.

प्रश्न : ताई, मार्च २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा या संगीत महोत्सवाला गेलो होतो, फक्त ग्रीन डेसाठी. कॉलेजात असताना 'अमेरिकन इडियट'ची सीडी पार घासून टाकली होती, आणि हे पहिल्यांदाच भारतात येणार म्हटल्यावर बायकोला पण ओढत नेलं. मजा आली, प्रश्नच नाही. पण नवा अल्बम येऊन वर्ष झालेलं आणि वाजवलं बहुतेक सगळं जुनंच, मग नवा अल्बम काढायचाच कशाला? (एक वाचक, ठाणे, वय ४१)

उत्तर : तुम्हीच सांगा, त्या रात्री सगळ्यात जोरात कधी ओरडलात? कॉलेजातल्या सीडीवरच्या गाण्यांनाच ना? आपल्याकडे संगीत नाटकात लोक ठरावीक पदाची वाट बघत बसायचे आणि ते आलं की वन्स मोअर, वन्स मोअर करून गायकाला दमवायचे, तसंच हे. पब्लिकला जे पाठ आहे तेच हवं असतं आणि बँडला ते बरोबर कळतं.

नवा अल्बम 'सेव्हियर्स' आला १९ जानेवारी २०२४ ला. त्याच वर्षी 'डूकी'ला ३० वर्षं झाली आणि 'अमेरिकन इडियट'ला २०. मग काय, टूरला नाव दिलं नव्या अल्बमचं आणि स्टेडियममध्ये दोन्ही जुने अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवले, मध्ये मध्ये नवी गाणी. मला यात फसवणूक वाटत नाही. नवा अल्बम आला की मुलाखती होतात, रेडिओवर नाव येतं, तारखा जाहीर करायला निमित्त मिळतं. आणि ऑनलाइन ऐकण्यातून एका गाण्यामागे सुटतात ते पैसे किती ते सगळ्यांना माहितीय, कमाई तिकिटावर आणि टीशर्टवर.

गंमत अशी की यांचं सुरुवातीला बरोबर उलटं होतं. १ फेब्रुवारी १९९४ ला 'डूकी' आला तेव्हा चार्टवर खूप खालून सुरुवात झाली होती. बँड मात्र रस्त्यावर. गाडी कुठली, तर जुनं फिरतं वाचनालय! ड्रमर ट्रे कूलच्या वडिलांनी ते विकत घेऊन दुरुस्त केलं आणि स्वतः चालवत पोरांना गावोगाव नेलं. आपल्या नाटक कंपनीच्या बसची आठवण यावी असंच प्रकरण, फक्त ड्रायव्हर म्हणजे घरचा माणूस. मग ऑगस्टमध्ये वुडस्टॉक ९४ हा महोत्सव, सगळीकडे चिखल, पब्लिकने चिखलाचे गोळे स्टेजवर फेकले, गायक बिली जो आर्मस्ट्राँगने परत फेकले, त्या गोंधळात सिक्युरिटीवाल्याने बेसिस्ट माइक डर्न्टला घुसलेला प्रेक्षक समजून आडवा पाडला आणि बिचाऱ्याचे दात गेले. हे सगळं लोकांनी टीव्हीवर बघितलं. पुढच्या महिन्यात बॉस्टनला फुकट शो ठेवला तर एवढी गर्दी लोटली की शो अर्धवट बंद करून दंगल आवरावी लागली. असं करत करत अल्बम दुसऱ्या नंबरपर्यंत चढला आणि नुसत्या अमेरिकेतच एक कोटीच्या पुढे खपला. म्हणजे तेव्हा टूरने अल्बम विकला, आता अल्बम टूर विकतो.

पण म्हणून नवं लिहिणं सोडलं असतं तर हे लोक स्वतःचीच नक्कल करत फिरणारा ऑर्केस्ट्रा झाले असते, असं मला तरी वाटतं. 'सेव्हियर्स'मध्ये १५ गाणी आहेत, दोन-चार कमी चालली असती, पण जी चांगली आहेत ती खरंच चांगली आहेत. एकदा हेडफोन लावून सलग ऐका, रेसकोर्सवरच्या आठवणी बाजूला ठेवून.

प्रश्न : पंक म्हणजे बंडखोरी आणि पॉप म्हणजे बाजार. मग पॉप पंक म्हणजे शाकाहारी मटण का? (एक ज्येष्ठ वाचक, सांगली)

उत्तर : काका, हसून हसून चहा सांडला! पण चूक नाव ठेवणाऱ्यांची आहे. ७० च्या दशकात न्यूयॉर्कचे रमोन्स तीन कॉर्ड आणि दोन मिनिटांत गाणं उरकायचे, वेग भन्नाट, पण चाल अशी की पहिल्यांदा ऐकून गुणगुणता यावी. तीच वाट पुढे ग्रीन डे, ब्लिंक-१८२ यांनी धरली. आवाज पंकचा, चाल पॉपची, आणि विषय बहुतेक वेळा कंटाळा, प्रेमभंग, घरचे समजून घेत नाहीत वगैरे. अख्खा 'डूकी' चाळीस मिनिटांत संपतो. तुमच्या संध्याकाळच्या फिरण्यात बसेल.

प्रश्न : मोठ्या कंपनीशी करार केला म्हणून यांच्याच गावच्या क्लबने यांना बाहेर काढलं होतं म्हणे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हो, खरंय. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा ९२४ गिलमन स्ट्रीट हा क्लब. स्वयंसेवकांनी चालवलेला, लहान पोरांनाही प्रवेश असलेला, आत दारू नाही, मारामारी नाही, वंशद्वेष नाही असे नियम. मोठ्या कंपनीच्या बँडला तिथे वाजवायला बंदी. १९९३ मध्ये यांनी रिप्राइज या मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला आणि जिथे वाढले तिथलंच दार बंद झालं. माझं मत विचाराल तर दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. क्लबने आपला नियम मोडला नाही, आणि पोरांना पोट होतं. परत तिथे वाजवायला मिळालं ते २०१५ साली, आगीत नुकसान झालेल्या एका प्रकाशन संस्थेच्या मदतीसाठी.

आणि मोठ्या कंपनीत गेलं की सगळं सुखच असंही नाही हं. १९९६ मध्ये हेच लोक इतके दमले होते की युरोपची टूर रद्द करून घरी बसले.

प्रश्न : अल्बमच्या टेप चोरीला गेल्याची गोष्ट खरी की पब्लिसिटी? (दोन वाचकांनी विचारलंय)

उत्तर : २००३ मध्ये एक अख्खा अल्बम जवळजवळ तयार होता आणि त्याच्या मास्टर टेप स्टुडिओतून गेल्या, असं बँडच आजवर सांगत आलाय. दुसरं कोणी असतं तर तीच गाणी पुन्हा रेकॉर्ड करत बसलं असतं. यांचा प्रोड्युसर रॉब कॅव्हालो म्हणाला, आधी स्वतःला विचारा, गेलं ते खरंच तुमचं सगळ्यात भारी काम होतं का? उत्तर आलं, नाही. मग पाटी कोरी करून जे लिहिलं तो 'अमेरिकन इडियट', २१ सप्टेंबर २००४. पुढच्या जूनमध्ये इंग्लंडला मिल्टन कीन्सच्या मैदानात दोन दिवसांत १ लाख ३० हजार लोक जमले. चोराचे आभार मानायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा आहे, दिवसभर हेच ऐकतो, त्यात शिव्या आहेत. बंद करू का? (एक आई, नाशिक)

उत्तर : अहो, २००९ मध्ये वॉलमार्ट या मोठ्या अमेरिकन दुकानसाखळीने यांच्याकडे त्या वर्षीच्या अल्बमची शिव्या काढलेली आवृत्ती मागितली, यांनी दिली नाही, वॉलमार्टने अल्बम ठेवला नाही, तरी तो पहिल्या नंबरवर गेला. तुमच्या बंदीचंही तेच होईल. त्यापेक्षा शेजारी बसून ऐका, बऱ्याचशा शिव्या तो शाळेतच शिकलेला असणार.

प्रश्न : आम्ही चौघं, पुणे. पाच गाणी रेकॉर्ड झालीत, आता रिलीज करून चार शहरांत शो करायचेत. काही टिप्स? गाडी घ्यावी का? (कॉलेजमधला एक बँड)

उत्तर : गाडी घेऊ नका रे बाबांनो, रेल्वेचं स्लीपर काढा. आणि गाणी ऑनलाइन टाकायच्या आधी कोणी काय लिहिलं ते एका कागदावर लिहून चौघांनी सह्या करा, मैत्री आहे तोवरच हे होतं. ज्यांनी लिहिलंय त्यांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व घ्या. रिलीज आधी आणि शो नंतर, पण मध्ये दोन महिने जाऊ देऊ नका, लोक विसरतात. टीशर्ट थोडेच छापा, मोठ्या साइजचे जास्त.

आयोजक 'बॅकलाइन आहे' (म्हणजे स्टेजवरचे अॅम्प, ड्रम वगैरे आमच्याकडे आहेत) म्हणाला की फोटो मागा. आम्ही कॉलेजात असताना एका शहरात (नाव नको) याच शब्दावर विश्वास ठेवून गेलो, तर बॅकलाइन म्हणजे एक खरखरणारा अॅम्प आणि फाटक्या कातडीचा ड्रम, झांजा नाहीतच, शेवटी शेजारच्या शाळेच्या बँडपथकाकडून मागून आणल्या आणि त्या रात्री आम्ही नक्की काय वाजवलं ते आम्हालाच कळलं नाही. म्हणून तुमच्या ड्रमरला सांगा, स्नेअर ड्रम, झांजा आणि पेडल स्वतःचं. आणि ड्रमची कातडी ताणायची चावी, ती दोन घ्या.