मैदानावरचे प्रश्न : दोन धावांनी गेलेला सामना

प्रश्न : काका, आमच्या वाडीचा संघ सलग चार वर्षं मे महिन्यातल्या स्पर्धेत अंतिम सामना हरलाय. यंदा तर दोन धावांनी. आता मंडळातली मोठी माणसं म्हणतात, संघ बंद करा, ते पैसे सप्त्याला द्या. तुम्ही मागे एकदा इंग्लंडच्या सॉमरसेट काउंटीचं (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या संघाचं) नाव घेतलं होतंत. तो संघ म्हणे कधी अजिंक्यच झाला नाही. मग इतकी वर्षं चालला कसा?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : तुझ्या पत्रातल्या 'दोन धावांनी' या शब्दांवरच मी अडकलो. 32 वर्षं रत्नागिरीत मैदानाच्या कडेला बसून स्कोअरबुक लिहितोय, त्यामुळे असे सामने माझ्या डोक्यातून जात नाहीत.

सॉमरसेटचा असाच एक सामना आहे. 1978 च्या सप्टेंबरातला पहिला शनिवार. लॉर्ड्सवर जिलेट चषक या एकदिवसीय स्पर्धेचा अंतिम सामना ससेक्सकडून हरले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, घरच्या टाँटनच्या मैदानावर एसेक्सकडून दोन धावांनी हरले आणि दर रविवारी खेळली जाणारी मर्यादित षटकांची लीगही हातची गेली. 1875 मध्ये स्थापन झालेला क्लब, 103 वर्षांत एकही चषक नाही, आणि दोन दिवसांत दोन गेले. संघात व्हिव रिचर्ड्स, तरुण इयन बोथम, तरी ही गत.

पुढच्या मे महिन्यात त्यांनी जे केलं, ते मात्र मला आजही आवडत नाही. बेन्सन अँड हेजेस चषकात वुस्टरविरुद्ध कर्णधार ब्रायन रोझने एका षटकानंतर डाव घोषित केला. बिनबाद 1, आणि ती एक धावही नो-बॉलची! गटात गुण सारखे झाले तर बळी घेण्याच्या वेगावर, म्हणजे एका बळीमागे किती चेंडू लागले त्यावर, पुढे कोण जाणार ते ठरणार होतं. तो वेग बिघडू नये म्हणून सामनाच सोडून दिला. वुस्टरने दहा चेंडूंत दोन धावा काढल्या नि सगळे घरी. नियमात बसत होतं, पण माणसं तिकीट काढून आली होती. सॉमरसेटला स्पर्धेतून काढून टाकलं, ते योग्यच झालं. स्कोअरबुकाचं पान असं कोरं सोडायला लावणारा कर्णधार मला नको.

आणि त्याच वर्षी, त्याच रोझच्या हाताखाली, सप्टेंबरात पुन्हा तसाच शनिवार-रविवार आला. शनिवारी लॉर्ड्सवर नॉर्थॅम्प्टनविरुद्ध रिचर्ड्सच्या 117, जोएल गार्नरचे 29 धावांत 6 बळी, जिलेट चषक आला. रविवारी नॉटिंगहॅमला जिंकून लीगही घेतली. एका वर्षापूर्वी दोन दिवसांत गेलेलं सगळं दोन दिवसांत परत. 1980 मध्ये रिचर्ड्स वेस्ट इंडिजबरोबर दौऱ्यावर असल्याने त्याच्या जागी आपले सुनील गावस्कर त्या संघातून खेळले. पुढे 1981, 1982, 1983 असे ओळीने चषक आले. अलीकडे 2005, 2023 आणि 2025 मध्ये ट्वेंटी-20 चे.

राहिलं ते चार दिवसांच्या सामन्यांचं काउंटी अजिंक्यपद. 1891 पासून त्यात खेळतायत, 2025 पर्यंत एकदाही मिळालेलं नाही. 2001 ते 2019 मध्ये सहा वेळा दुसरे आले. 2010 मध्ये नॉटिंगहॅमशरइतकेच गुण होते, फक्त त्यांचे विजय सात आणि यांचे सहा. 2016 मध्ये तर आपला शेवटचा सामना तीन दिवसांत जिंकून बसले होते. चौथ्या दिवशी टीव्हीसमोर बसून मिडलसेक्स-यॉर्कशर सामना अनिर्णित सुटण्याची वाट बघत राहिले. मिडलसेक्सच्या रोलंड-जोन्सने हॅट्‌ट्रिक घेतली आणि अजिंक्यपद तिकडे गेलं.

आता तुझा खरा प्रश्न, चालला कसा. तो क्लब सभासदांच्या मालकीचा आहे, अगदी तुमच्या मंडळासारखा. शिवाय मुलं तिथलीच. हॅरल्ड गिंब्लेट हा शेतकऱ्याचा मुलगा. चाचणीत त्याला नको म्हटलं होतं. 1935 मध्ये कोणीतरी दुखापतीने बाहेर पडला म्हणून त्याला फ्रोम गावातल्या सामन्याला बोलावलं. त्याची बस चुकली, आला एका लॉरीत बसून. दुसऱ्याची बॅट मागून घेतली आणि एसेक्सविरुद्ध 63 मिनिटांत शतक ठोकलं. एसटी चुकल्यावर टेम्पोला हात करणारी मुलं तुमच्या वाडीतही असतील.

इंग्लंडचा सलामीवीर मार्कस ट्रेस्कॉथिक त्याच काउंटीचा, 1993 पासून तिथेच खेळला. 2019 मध्ये तो निवृत्त होत होता, तेव्हा सॉमरसेटचा मोसमातला शेवटचा सामनाही एसेक्सशीच होता. सॉमरसेटला विजय हवाच होता, पण बराचसा वेळ पावसाने खाल्ला. शेवटी सामना अनिर्णित सुटणार हे सगळ्यांना दिसत होतं, अजिंक्यपद एसेक्सचं. तेव्हा संघात नसलेल्या ट्रेस्कॉथिकला बदली क्षेत्ररक्षक म्हणून आत बोलावलं. तो पायऱ्या उतरून स्लिपमध्ये जाऊन उभा राहिला आणि अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं.

सप्त्याला वर्गणी वेगळी काढा, संघाची वेगळी. आणि चारही अंतिम सामन्यांची स्कोअरबुकं मला पाठव, मिरग लागायच्या आत, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून. शेवटची तीन षटकं कोणाकोणाला दिली होती, ते आधी बघू.