लॅटिन जॅझच्या रस्त्यावरच्या महोत्सवात स्टेजसमोर खुर्च्या किती मांडाव्यात?

स्टेजसमोर एकही नाही.

तुमचा प्रश्न असा आहे: कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून एक रस्ता दिवसभर बंद करायचा, दुपारपासून दोन लॅटिन जॅझ बँड, मधल्या वेळात डीजे, संध्याकाळी रस्त्यावर नाच. खर्च किती येईल, पुढच्या दहा रांगांत खुर्च्या किती बसतील आणि आपल्या ढोल-ताशा पथकाला बँडबरोबर वाजवता येईल का. खर्चाचं शेवटी बघू. खुर्च्यांचं आधी, कारण हा एक निर्णय चुकला की पुढे साऊंड, गाण्यांचा क्रम, वेळापत्रक सगळंच चुकत जातं. आणि प्रत्येक समितीत हा निर्णय नेमका अशा माणसाच्या हातात असतो, ज्याला हे संगीत हाताची घडी घालून ऐकायचं असतं.

हे संगीत नाचणाऱ्यांसमोर घडलं आहे. १९४३च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ट्रम्पेटवादक मारिओ बाउसाने गायक माचितोच्या बँडसाठी क्युबन ताल आणि जॅझची ब्रास (ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारखी पितळी वाद्यं) एकत्र बांधली, तो बँड नाचाच्या हॉलमधला होता. पुढे ब्रॉडवे आणि ५३व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पॅलेडियम या नाचाच्या हॉलमध्ये माचितो, तितो पुएन्ते, तितो रॉद्रिगेस यांचे बँड नाचणाऱ्यांच्या जोरावर चालले. पुएन्तेने तिंबालेस (काड्यांनी वाजवायचे पत्र्याचे जोडढोल) मागच्या रांगेतून उचलून बँडच्या अगदी पुढे आणले. वादकाला समोरचे पाय दिसले की तो मोंतुनो (गाण्यातला पुन्हा पुन्हा फिरणारा, नाचाचा भाग) अजून आठ आवर्तनं ताणायचा की ब्रासला इशारा करायचा हे ठरवतो. समोर खुर्च्या असल्या की दिसतात फक्त मोबाइल, मग सोलो लांबत जातात आणि बाजूला नाचायला थांबलेली माणसं तासाभरात घरी जातात.

'पुढे नाचणारे उभे राहिले तर बसलेल्यांना दिसत नाही,' हा यावरचा ठरलेला आक्षेप. तो खरा आहे, पण भांडण खुर्च्यांचं नाहीच, स्टेजच्या उंचीचं आहे. भाड्याने स्टेज घेताना पैसे वाचवायला लोक दोन फुटांचं घेतात. चार फुटांचं घ्या. काँगा (हातांनी वाजवायचे उंच ढोल) आणि तिंबालेस स्टेजच्या पुढच्या कडेला, ब्रास मागे आठ-बारा इंचांच्या रायझरवर, म्हणजे छोट्या चौथऱ्यावर. मग नाचणाऱ्यांच्या डोक्यांवरून मागच्या माणसालाही हात दिसतात. खुर्च्या नाचाच्या फरशीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे, इंग्रजी यू अक्षरासारख्या, एका वेळी जितकी गर्दी अपेक्षित आहे तिच्या चौथ्या हिश्शाइतक्या. पुरतात.

आता फरशी. डांबरावर थेट नाचायला सांगू नका. खडबडीत डांबर बुटाचा तळ पकडून ठेवतं, पाय अडकतो, शरीर गिरकी घेतं आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. शिवाय ऑगस्टच्या दुपारी डांबर भाजतं. पाऊण इंची प्लायवूडच्या चार बाय आठ फुटांच्या पन्नास शीट घेतल्या की चाळीस बाय चाळीस फुटांची फरशी होते. एका जोडीला साधारण एक शीट हा हिशेब धरा, कारण साल्सा बहुधा एका सरळ पट्टीत नाचला जातो. सांधे भिंतीच्या विटांसारखे एकाआड एक ठेवा. चार कोपरे एका ठिकाणी आले की तिथे शीट उचलली जाते आणि टाच अडकते. सांध्यांवर गॅफर टेप (कापडी चिकटपट्टी), कडेला पिवळी टेप आणि उतार. एका शीटचं वजन पंचवीस-तीस किलो असतं, तेव्हा मांडायला धडधाकट माणसं सांगून ठेवा. रस्त्याला मधोमध उंचवटा असतो, तिथे शीटखाली पोकळी राहते. जुन्या गालिच्याच्या पट्ट्या घाला. टाल्कम पावडर टाकायची हौस कुणालाही करू देऊ नका. ज्यांना डांबरावरच नाचायचं आहे त्यांनी बुटाच्या चवड्याखाली गॅफर टेप चिकटवावी, एका संध्याकाळपुरती चालते.

साऊंडवर मात्र मला जरा लांब लिहायचं आहे, कारण इथे सगळ्यात जास्त नासाडी होते. साऊंडवाला बहुधा रॉकच्या सवयीचा असतो. त्याच्या लेखी बेस ड्रम आणि बेस गिटार वर आणले की लोक नाचतात. इथे अनेक बँडमध्ये ड्रमसेटच नसतो. आणि बेस पहिल्या ठोक्यावर येतच नाही. तो दुसऱ्याच्या 'नंतर' (दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधोमध) आणि चौथ्यावर पडतो, चौथ्यावरचा सूर पुढच्या मापात (चार ठोक्यांच्या आवर्तनात) ओढला जातो. म्हणजे नुसता बेस वाढवला की नवख्या नाचणाऱ्याला 'एक', म्हणजे पहिला ठोका, सापडण्याऐवजी हरवतो. 'एक' सापडतो तो काँगाच्या चौथ्या ठोक्यावरच्या दोन उघड्या टोल्यांमुळे, आणि मोंतुनोत बोंगोवादक बोंगो (हातांनी वाजवायची छोट्या ढोलांची जोडी) सोडून हातात घंटा (काउबेल) घेतो तेव्हा त्या घंटेच्या तोंडावरच्या एक आणि तीनच्या टोल्यांमुळे. साऊंडवाल्याला एवढंच लिहून द्या: काँगा, घंटा, पियानो आणि बेस हे चार फरशीवरच्या प्रत्येक माणसाला वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत; ब्रास आणि गायक त्यावर.

काँगाच्या जोडीला मधोमध एक माईक, कातड्यापासून १०–१५ सेंटिमीटर वर. तीन असतील तर दोन माईक. काँगा स्टेजवर सपाट ठेवली तर तिचा खालचा सूर घुसमटतो, कारण तो तळाच्या तोंडातून बाहेर पडतो. स्टँडवर घ्या किंवा वादकाला ती किंचित कलती धरू द्या. तिंबालेसला वरून माईक लावला की त्यावर बसवलेली घंटा कानठळ्या बसवते आणि काडीने पत्र्यावर वाजणारा ताल, कास्कारा, गायब होतो. दोन ढोलांच्या मधे, खालून, पत्र्याकडे तोंड करून माईक लावा. बोंगोच्या माईकला गेनमध्ये (मिक्सरवरच्या माईकच्या पातळीत) भरपूर जागा सोडा, त्याच माईकसमोर पुढे घंटा येणार आहे. पियानो म्हणजे कीबोर्ड, डीआय बॉक्समधून (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी पेटी), आणि मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज). स्टिरिओ ठेवलात तर फरशीच्या डाव्या बाजूच्या माणसाला पियानोवादकाचा एकच हात ऐकू येतो. मॉनिटरमध्ये (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) सगळ्यांना पियानो आणि काँगा, बाकी ज्याने मागितलं त्याला. सब (खालच्या सुरांचे मोठे स्पीकर) दोन बाजूंना दोन ठेवले तर मधोमध दणका आणि त्याच्या शेजारच्या पट्ट्यांत बेस गायब. दोन्ही सब स्टेजसमोर मधोमध एकत्र ठेवा. पोरं त्यांना चिकटून उभी राहतात, तिथे दोरी बांधा. ९४ डेसिबलला कानांची सुरक्षित मर्यादा साधारण तासाभराची आहे.

आणि मागचे स्पीकर. लांब रस्त्यावर शेवटपर्यंत ऐकू जावं म्हणून पन्नास मीटरवर आणखी दोन स्पीकर उभे करतात आणि त्यांना डिले द्यायचा, म्हणजे त्यांचा आवाज मुद्दाम उशिरा सोडायचा, विसरतात. तारेतून सिग्नल लगेच पोचतो, हवेतून स्टेजचा आवाज यायला १४६ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला २०० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ३०० मिलिसेकंदांचा, अर्धा १५०चा. म्हणजे तिथे उभ्या असलेल्या माणसाला क्लावेचे (या संगीताच्या मूळ तालाचे) पाच टोले दहा होऊन ऐकू येतात, जवळपास नेमके अर्ध्या ठोक्याने सरकलेले. चांगला नाचणारासुद्धा तिथे पाय टाकू शकत नाही, आणि 'मागे कुणी नाचतच नव्हतं' असा निष्कर्ष समिती काढते. मीटरमधलं अंतर भागिले ३४३, आलेल्या सेकंदांत १०–१५ मिलिसेकंद आणखी, म्हणजे आवाज स्टेजकडूनच आल्यासारखा वाटतो. दुपार आणि संध्याकाळच्या तापमानाने पडणारा फरक तीन-चार मिलिसेकंदांचा, तो सोडून द्या.

वीज: साऊंडची लाइन खाण्याच्या स्टॉलपासून पूर्ण वेगळी. अमेरिकेतल्या १२० व्होल्टच्या, २० अँपियरच्या सर्किटवर सतत १६ अँपियरच घ्यायचे, म्हणजे १९२० वॅट. वडे तळणारा आणि साऊंडवाला एका जनरेटरवर आले की मिक्सर ऐन सोलोत बंद पडतो.

कातड्याचं तुम्हाला वेगळं सांगायला नको, पथकात ढोलाची पानं उन्हात चढतात आणि दमट हवेत उतरतात तसंच इथेही. सॅन होजेची दुपार कोरडी, त्यामुळे खऱ्या कातड्याच्या काँगा उन्हात ठेवल्या तर सूर चढत जातो आणि कातडं फाटूही शकतं. स्टेजचं तोंड पश्चिमेला करू नका. वाद्यं सावलीत, वर कापड. सूर लावायचा तो वाजवायच्या वीस मिनिटं आधी, प्रत्येक नट थोडा थोडा, गोल फिरत. संपल्यावर सैल करून मगच पेटीत. दोन्ही बँड एकच काँगा-सेट वापरणार असतील तर पानं सिंथेटिक आहेत का आधी विचारा.

दोन बँडच्या मधे अर्धा तास ठेवा. दहा-बारा जणांच्या बँडला त्याहून कमी वेळात लाईन चेक (एकेक माईक आणि तार तपासणं) होत नाही. तेवढ्या वेळात डीजे, आणि डीजेचा आवाज बँडपेक्षा कमी. पहिल्या बँडच्या आधी पाऊण तास नाचाचा वर्ग घ्या, शिकवणाऱ्याला डोक्यावरचा माईक द्या आणि फक्त मूळ पाऊल आणि एक गिरकी शिकवायला सांगा. 'एकवर' नाचायचं की 'दोनवर' (मुख्य पाऊल पहिल्या ठोक्यावर की दुसऱ्या) हा वाद न्यूयॉर्कवाल्यांना लखलाभ, रस्त्यावर त्याला वेळ नाही. पहिल्या बँडने लगेच २२०च्या लयीत शिरू नये: आधी चा-चा-चा, १२०च्या आसपास, मग सोन मोंतुनो (मध्यम लयीचा क्युबन प्रकार), मग वेग. सूर्य मावळताना एक बोलेरो (संथ प्रेमगीत), दमलेले त्यावर पुन्हा उभे राहतात. सोलो हवे तेवढे लांब चालतील, एकच अट: सोलो चालू असताना काँगा आणि बेस थांबायचे नाहीत. बेसचा एकट्याचा सोलो असेल तर तो पहिल्या बँडच्या शेवटी ठेवू नका, तेव्हाच नवी माणसं येत असतात.

ढोल-ताशा पथक अवश्य आणा, पण बँडबरोबर नको. ताशाला माईक लागत नाही, तो स्टेजवरच्या बाकी प्रत्येक उघड्या माईकमध्ये शिरतो आणि मग काँगा वर काढायची सोय राहत नाही. दुसरं, क्लावे दोन मापांची चौकट आहे. पथकाचा हात त्यात कुठे पडतो हे आधी महिनाभर एकत्र बसून ठरवल्याशिवाय दोघांचीही फजिती होते. पथकाने रस्त्याच्या दुसऱ्या टोकापासून मिरवणूक आणावी, लोकांना फरशीपर्यंत खेचून आणावं आणि लाईन चेकच्या आधी थांबावं. यात पथकाचा कमीपणा नाही, मोकळ्या रस्त्यावर त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

खर्चाबद्दल: आकडा सांगत नाही, बँडच्या माणसांवर आणि परवान्यांवर तो दुप्पट-चौपट होतो. एवढं धरा की साऊंडवरचा खर्च एका बँडच्या मानधनापेक्षा कमी आला तर कुठेतरी काटकसर चुकली आहे. सार्वजनिक वादनाचे हक्क आयोजकाने घ्यायचे असतात, बँडने नाही. अ‍ॅस्कॅप, बीएमआय आणि सेसॅक या हक्कसंस्थांकडे वेगवेगळे, डीजेची गाणीही त्यातच येतात. वादकांचे चेक त्याच संध्याकाळी हातात द्या. रस्ता बंद करण्याचा अर्ज महिनोन्‌महिने आधी टाका, आणि नकाशात अग्निशमनासाठी २० फुटांची मोकळी वाट आधी आखा, फरशी आणि खुर्च्या मग उरलेल्या जागेत.

एक-दोन गोष्टी राहिल्या. वर जे लिहिलं ते रस्त्यासाठी. १९४७ साली ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी आणि काँगावादक चानो पोसो न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजले तेव्हा लोक बसूनच ऐकत होते, आणि चौकडीने वाजवलेला शांत लॅटिन जॅझ बसूनच ऐकावा. तुमचे दोन बँड तसे असतील तर दुपारचा बँड एखाद्या हॉलमध्ये ठेवा. आणि 'एकही खुर्ची नाही' याला अपवाद व्हीलचेअरचा. त्यांच्यासाठी फरशीच्या एका कडेला, स्टेजच्या जवळ, सबपासून दूर, उतार असलेला छोटा मंच करा. बरोबर आलेल्या माणसालाही तिथे खुर्ची द्या, आणि त्यांच्यासमोर कुणी उभं राहत नाही ना हे बघायला एक स्वयंसेवक शेवटच्या गाण्यापर्यंत तिथेच ठेवा.