आयसोमरचं निम्मं-निम्मं आंधळेपणाने मानू नकोस

फ्लुकात (कणांचा पदार्थातला प्रवास गणिताने मांडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) अवशिष्ट, म्हणजे बीम (कणांचा झोत) बंद झाल्यावर उरणाऱ्या, किरणोत्सर्गाचं काम सुरू करतोयस ना? रॅडडिके कार्ड (क्षयाची गणना चालू करणारी इनपुटमधली ओळ), बीमचा काळ, थंडावण्याच्या वेळा हे एका दुपारी जमेल. खरी मेख आयसोमरची, म्हणजे केंद्रकाच्या काही काळ टिकणाऱ्या उत्तेजित रूपाची आहे. केंद्रक मूळ स्थितीत उरलं की उत्तेजित, हे मॉडेल सांगत नाही. मग प्रोग्रॅम सरळ निम्मं-निम्मं वाटून मोकळा होतो. कोबाल्ट-६० ला ते खपून जातं, कारण त्याचा १०.५ मिनिटांचा आयसोमर जवळजवळ सगळा मूळ स्थितीतच उतरतो. चांदीला नाही खपत. चांदी-१०९ ने औष्णिक (मंद) न्यूट्रॉन गिळला की बहुतेक वेळा मूळ स्थितीतली चांदी-११० होते, तिचं अर्धायुष्य २४.६ सेकंद. सुमारे २५० दिवसांच्या अर्धायुष्याची ११०-एम, म्हणजे तिचा आयसोमर, पाच टक्क्यांच्याही आत. निम्मं धरलंस तर महिन्याभरानंतर तिचा आकडा दहापट फुगलेला! तिथे मोजलेल्या काटछेदांवरून (अभिक्रिया होण्याच्या शक्यतेच्या मापांवरून) गुणोत्तर स्वतः लाव.

आणि स्टील म्हणजे नुसतं लोखंड-क्रोमियम-निकेल लिहू नकोस, त्यातला किंचित कोबाल्टही टाक, कोबाल्ट-६० त्यातूनच येतं.

कुलाब्याला पेलेट्रॉन या कण-त्वरकावर काम करणाऱ्यांपैकी कुणी ओळखीचं असेल तर मागे लागून जर्मेनियम डिटेक्टरचा (गॅमा किरणांची ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणाचा) चांदीचा एखादा स्पेक्ट्रम मिळव. ११०-एमची ६५८ केईव्हीची (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) रेघ तुझ्या आकड्याशी ताडून बघ.